अर्धा रिकामा ड्रम

बाईंच्या लाँड्रीत एक नियम सगळ्यांच्या वरचढ होता. घरचा कपडा इथल्या ड्रममध्ये पडता कामा नये.

लाँड्री म्हणजे कोपऱ्यावरचं शर्ट-पँटींचं दुकान नव्हे. दवाखान्यांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, टेबलावर अंथरायची कापडं, ऑपरेशनच्या खोलीतली हिरवी फडकी असा सगळा माल गाड्या भरभरून यायचा आणि धुऊन, वाळवून, इस्त्री होऊन, गाठोडी बांधून परत जायचा. माणूस आत उभा मावेल एवढाले ड्रम. एवढं गरम पाणी, एवढा साबण डोळ्यांसमोर फुकट फेसाळत असताना कुणाच्याही मनात येणारच, की आपल्या घरचीही एक चादर टाकून द्यावी. टाकणारे टाकायचे, बाई पकडायच्या, आणि पकडलेला प्रत्येक जण शिकवल्यासारखं एकच वाक्य म्हणायचा, "अर्धा रिकामाच होता ना ड्रम, बाई."

बाईंचं उत्तरही ठरलेलं. "तुझं डोकंही अर्धं रिकामं आहे. मी माझा भुसा भरते का त्यात?"

सगळे हसायचे, चादर ओलीच घरी जायची आणि विषय तिथे मिटायचा. नियम बाईंच्या जिभेवर होता तोवर त्याला दातही होते आणि ओठही होते.

मग जावईबापू आले.

जावईबापू शिकलेले. बाईंना स्वतःला गाठोड्यावरचे आकडे आणि आपली सही यापलीकडे फारसं लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी हौसेने शिकलेला जावई केला. आता केला तर त्याला कुठेतरी बसवायला हवा. ओल्या कपड्याला हात लावायचा म्हटलं की त्यांच्या अंगावर शहारे यायचे, म्हणून ऑफिसात कॉम्प्युटरवर बसवला. पायऱ्या चढून गेलं की ऑफिस, तिथे ओळीने कॉम्प्युटर, आणि सगळ्यांत मागे, कुणाला पडदा दिसणार नाही अशा कोपऱ्यात जावईबापूंचं टेबल. माणूस कुठे बसतो त्यावरून अर्धा कळतो म्हणतात. बाईंना तेव्हा कळला नाही.

आल्या आल्या त्यांनी बाईंचा नियम कागदावर आणला. 'कंपनीच्या मालकीच्या कोणत्याही यंत्राचा, ते यंत्र पूर्णतः, अंशतः किंवा अजिबात वापरात नसतानाही, कंपनीबाहेरील कामासाठी उपयोग करणाऱ्यास तत्काळ कामावरून कमी करण्यात येईल.' कागद काचेत बसवून ऑफिसच्या दारावर लावला. बाईंना वाचून दाखवला तेव्हा बाई म्हणाल्या, "एवढं लांब कशाला? घरचं इथे धुवू नका, एवढंच ना?"

"आई, नियमात फट राहता कामा नये," जावईबापू म्हणाले.

त्या बिनफटीच्या नियमात पहिली सापडली ती इस्त्रीवाली मावशी. नातवाची झबली तिने ड्रममध्ये टाकली होती. झबली ती केवढी, मुठीत मावतील एवढी! बाईंनी चार शब्द सुनावून सोडली असती. पण जावईबापूंनी तिला सगळ्यांसमोर काचेपुढे उभी केली. "यंत्र म्हणजे यंत्र, मावशी. भरलेलं असो नाहीतर रिकामं." सगळे कामगार बाईंच्या तोंडाकडे बघत होते. शिकलेल्या जावयाचा शब्द खाली पडू द्यायचा कसा, म्हणून बाईंनी मान हलवली. मावशी निघून गेली आणि त्या दिवसापासून इस्त्रीच्या घड्या कधी बाईंच्या मनासारख्या पडल्या नाहीत.

जावईबापूंना जगाची मात्र फार काळजी होती. जेवताना एकदा त्यांनी समजावून सांगितलं. शास्त्रज्ञांना नवी औषधं शोधायची तर भलीमोठी गणितं करावी लागतात. ती एका कॉम्प्युटरला झेपत नाहीत. म्हणून त्यांचे बारीक बारीक तुकडे करून जगभरच्या लोकांना पाठवतात. ज्याचा कॉम्प्युटर रिकामा असेल त्याने तेवढा तुकडा सोडवून परत धाडायचा. पैसा नाही, पगार नाही, निव्वळ परोपकार.

"चांगलं आहे की," बाई म्हणाल्या आणि मनापासून म्हणाल्या.

"आणि प्रत्येक तुकड्याचे गुण मिळतात," जावईबापूंचा घास हातातच राहिला. "जगभराची क्रमवारी असते. आज मी एका अख्ख्या कॉलेजला मागे टाकलं, आई!"

"आणि मोरीतला नळ गळतोय तो?" लेक म्हणाली. "त्याचा नंबर कधी?"

जावईबापूंनी तिच्याकडे अशा दयेने पाहिलं, जशी मोठी माणसं गळक्या नळाकडे पाहतात. घरचा त्यांचा कॉम्प्युटर कोपऱ्यात फुलाफुलांच्या आवरणाखाली झाकून ठेवलेला होता. बाईंची नजर त्यावर गेलीही, पण दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायचं त्यांना सुचलं नाही. जावयाच्या बाबतीत सासूचे डोळे मुद्दामच अधू असतात.

पुढे ऑफिसातले कॉम्प्युटर मंदावले. इतर टेबलांवरच्यांनी कुरकुर केली आणि चहा प्यायला. भरडली गेली ती ऑफिसच्या दाराशी काउंटरवर बसणारी चिमणी.

चिमणी हे तिचं नाव आवाजावरून. देह कपाटासारखा, पाठीवर चादरींची दोन गाठोडी सहज पेलेल असा, आणि आवाज मात्र चिवचिव. नवरा शिडीवरून पडल्यापासून घरी बसून, म्हणजे घर तिच्या एकटीच्या जोरावर. तिचं काम सोपं होतं पण चुकून चालणारं नव्हतं. बांधलेलं गाठोडं आलं की त्याची चिठ्ठी कॉम्प्युटरच्या लाल डोळ्यापुढे धरायची. हे कुणाचं, कुठल्या गाडीत जायचं, ते पडद्यावर दिसायचं. आता चिठ्ठी धरावी तर कॉम्प्युटर विचारात पडायचा. मागून गाडीवाले ओरडत, "अगं चिमणे, आटप की! अंडी घालतेस का?" पडद्यावर आधीच्याच गाठोड्याचा पत्ता अडकलेला असायचा आणि नवं गाठोडं त्या पत्त्यावर चालू पडायचं.

मग एका सकाळी मोठ्या दवाखान्याच्या भांडारवाल्याचा फोन आला. हा माणूस एरवी मिटल्या ओठांनी बोलणारा. त्या दिवशी त्याचा आवाज रिसीव्हरच्या बाहेर सांडत होता. ऑपरेशनच्या टेबलावर घालायला म्हणून त्यांनी गाठोडं सोडलं तर आत हॉटेलची कापडं. कडेने लाल फुलं विणलेली.

"डॉक्टर हात धुऊन उभे आहेत, बाई," तो म्हणाला. "आता आम्ही पेशंटला कापायचं की वाढायचं, तेवढं सांगा!"

बाईंच्या उभ्या आयुष्यात लाँड्रीला कुणी असं बोललं नव्हतं. परत असं झालं तर दवाखाना दुसरीकडे जाणार, हेही त्याने सांगून टाकलं. बाई ऑफिसच्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना गोळा केलं.

"हे कसं झालं?"

"कॉम्प्युटर चालत नाही, बाई," चिमणी म्हणाली. "कधीचं सांगतेय मी साहेबांना."

सगळ्यांचे डोळे जावईबापूंकडे गेले. आता इथे माणसाने खरं बोलायचं असतं. चूक झाली, मी काढून टाकतो, एवढं म्हटलं असतं तर बाईंनी दोन शिव्या देऊन, तिसरी गिळून, प्रकरण मिटवलं असतं. पण परोपकारी माणसाला खोटं बोलण्याची सवय नसते असं कुणी सांगितलं?

जावईबापूंनी घसा साफ केला. "काही लोक कॉम्प्युटरवर बाहेरच्या गोष्टी घालतात, आई. मालिका बघतात, गाणी उतरवून घेतात. मग यंत्रावर ताण येतो. मी नाव घेत नाही." आणि नाव न घेता त्यांनी चिमणीकडे असं पाहिलं, की नाव घेतलेलं परवडलं असतं.

"मी?" चिमणीचा आवाज फुटला. "अहो साहेब, मला बघायचीच असती तर घरी माझ्या नवऱ्याची मालिका काय कमी आहे?"

कुणी हसलं नाही.

"सुट्टीनंतर मी तिचा कॉम्प्युटर उघडून सगळ्यांसमोर दाखवतो," जावईबापू म्हणाले.

"दाखवा," बाई म्हणाल्या. "आणि सगळे ऐका. माझ्या यंत्रावर ज्याने बाहेरचं काम घातलं असेल, तो पुन्हा या ऑफिसची पायरी चढणार नाही. मग तो कुणी का असेना."

"अगदी बरोबर, आई," जावईबापूंनी सगळ्यांत आधी मान डोलावली. "नियम म्हणजे नियम."

सुट्टीच्या दिवशी लाँड्री बंद असली तरी बाई येऊन बसायच्या. घरी त्यांना करमत नसे. वाळवणीच्या यंत्रापाशी त्यांची खुर्ची होती, आणि त्या खुर्चीत त्या बसल्या की लाँड्रीचं तपकिरी मांजर त्यांच्या मांडीवर यायचं. मांजराला बाई भवानी म्हणत. प्रेमबीम काही नव्हतं. इतर दिवशी भवानी गरम वाळवणीवर लोळायची. सुट्टीच्या दिवशी यंत्रं गार, म्हणून बाईंची मांडी. हे बाईंना पक्कं ठाऊक होतं, तरी मांडी रिकामी राहिली की त्यांना अपमान वाटायचा. आणि अलीकडे सुट्टीच्या दिवशी मांडी रिकामीच राहत होती.

"माझ्याहून गरम काय सापडलंय हिला, बघतेच," म्हणून बाई उठल्या. दोऱ्यांच्या रिळांमागे बघितलं, गाठोड्यांमागे बघितलं, शेवटी पायऱ्या चढून ऑफिसचं दार उघडलं.

भवानी चिमणीच्या कॉम्प्युटरच्या डब्यावर चारी पाय चार दिशांना टाकून, उन्हात ठेवलेल्या लोण्यासारखी पसरली होती. बाईंनी डब्याला हात लावला आणि चटकन मागे घेतला. इस्त्रीच! आतला पंखा धापा टाकत होता. शेजारचा डबा, त्याच्या शेजारचा, सगळे तसेच. पडदे काळे, खोलीत चिटपाखरू नाही, आणि यंत्रं मात्र लग्नघर असल्यासारखी राबत होती.

बाईंना आधी वाटलं, आग लागणार. त्यांनी लेकीला फोन करून बोलावलं. लेक घरच्या चपलांवर धावत आली. कॉम्प्युटरचा उंदीर हलवला तशी पडद्यावर रंगीत लोकरीचा गुंता झाल्यासारखं काहीतरी गोल गोल फिरताना दिसलं. त्याखाली लिहिलेलं लेकीने मनात वाचलं आणि तिचा चेहरा उतरला.

"मोठ्याने वाच."

"जगमित्र," लेक म्हणाली. "यांनी स्वतःला घेतलेलं नाव आहे. हे ते औषधाचं, आई. गणिताचे तुकडे."

"तुला ठाऊक होतं?"

"नाही." मग जरा थांबून, "म्हणजे, मी कधी विचारलं नाही."

"विचारलं नाही म्हणजे ठाऊकच."

लेक खुर्चीत बसली. "आई, दारू नाही, जुगार नाही. चोरी तरी कुठे केलीय? काम तर चांगलंच आहे ना?"

"चांगलंच आहे गं. म्हणून तर करताना लपवलं आणि निस्तरायला चिमणीच्या गळ्यात बांधलं." बाईंनी मांजराला ढकललं. ते हललं नाही. "तुझ्या नवऱ्याने इथे घरची चादर धुतली असती ना, तर मी हसून सोडलं असतं. निदान चादर स्वच्छ झाली असती. दुसऱ्याच्या विजेवर पुण्य, दुसऱ्याच्या यंत्रावर पुण्य, आणि पाप तेवढं काउंटरवरच्या बाईच्या नावावर! असला हिशेब मला अडाणीला जमला नसता."

"तू म्हणालीस, कुणी का असेना."

"म्हणाले."

"मग आता?"

बाईंनी लेकीकडे पाहिलं. एकुलती एक, आणि रडायला आली की लहानपणासारखी खालचा ओठ आत घेणारी. पण उद्या पायरीखाली चिमणी उभी असणार होती, आणि यापूर्वी तिथूनच एक मावशी मुठीएवढी झबली घेऊन निघून गेली होती.

"थुंकलेलं गिळायची मला सवय नाही," बाई म्हणाल्या. "आहे तसंच चालू राहू दे. मांजरही राहू दे. आणि घरी एक अक्षर काढू नकोस. निभेल का तेवढं तुझ्याच्याने?"

लेकीने मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी जावईबापू लवकर आले. बाई त्यांच्याही आधी येऊन चिमणीच्या टेबलाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. हळूहळू सगळे जमले, लेकही आली. चिमणी दारात उभी राहिली, घरून आणलेला डबा पदराखाली धरून. आज काम करायला मिळणार की परत जायचं, तिला ठाऊक नव्हतं.

"हं, जावईबापू. उघडा."

जावईबापूंनी कॉम्प्युटरसमोर बसून पडदा स्वतःकडे वळवला आणि बोटं झपाझप चालवायला घेतली.

"आमच्याकडे वळवा की. आम्हालाही शिकू द्या."

"यात तांत्रिक बाबी असतात, आई. तुम्हाला नाही कळायच्या."

तेवढ्यात लेक पुढे झाली आणि तिने पडदा सगळ्यांकडे वळवला. लोकरीचा गुंता संथ फिरत होता, खाली जगमित्र. डब्यावर भवानीने जांभई दिली.

"हे कुणाचं?" बाईंनी विचारलं.

जावईबापू उभे राहिले. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण आवाज सभेतला. "हे मानवजातीचं आहे! यातून उद्या औषध निघेल. कदाचित तुमच्यातल्याच कुणाच्या मुलाला लागेल. आणि कंपनीचं नुकसान काय झालं? दिवसातला बहुतेक वेळ ही यंत्रं नुसती बसून असतात. मी फक्त रिकामी शक्ती वापरली. यंत्र रिकामंच तर होतं!"

मग मागून ड्रमवाला, आयुष्यभर साबणात हात घालून बसलेला गडी, खाली बघत पुटपुटला, "अर्धा रिकामाच होता ना ड्रम, बाई."

हसण्याचा असा लोट उठला की मांजर उडी मारून पळालं. जावईबापूंना कळेना लोक का हसतात. त्यांनी आयुष्यात कधी ड्रमपाशी उभं राहून काही ऐकलं असेल तर ना.

"चिमणे," बाई म्हणाल्या, "तो दारावरचा कागद वाच."

चिमणीने वाचला. त्या बारीक आवाजात ते जडजड शब्द किडूकमिडूक वाटत होते. 'पूर्णतः, अंशतः किंवा अजिबात वापरात नसतानाही.'

"ते कपड्यांबद्दल होतं," जावईबापू म्हणाले.

"यंत्र म्हणजे यंत्र, असं तुम्हीच म्हणाला होता मावशीला."

"साहेब," चिमणी मध्येच बोलली. "रिकामं असताना चालतं म्हणता. मग मी काम करत होते तेव्हा का चालत होतं?"

उत्तर लेकीने दिलं, नवऱ्याकडे न बघता. "काल मी पडद्यावर नोंदी बघितल्या. आधी रिकाम्या वेळातच चालायचं. मग परदेशातला कुणीतरी यांच्या पुढे जायला लागला. म्हणून यांनी सगळीकडे पूर्ण जोर लावून ठेवला. आम्ही चौथ्यावरून तिसरे आलो, असं मला घरी सांगितलं."

म्हणजे औषधाची घाई नव्हती. तिसऱ्या नंबरची होती. त्या तिसऱ्या नंबरापायी ऑपरेशनच्या टेबलावर फुलांचं कापड गेलं आणि एका बाईची चूल विझायला आली. बाईंना क्षणभर राग यायलाच हवा होता, पण आला नाही. मळक्या चादरीत चुकून गुंडाळून आलेला हॉटेलातला चमचा बघावा, तसं त्यांनी जावयाकडे पाहिलं.

"मी या घरचा जावई आहे," जावईबापू म्हणाले.

"घरचे आहातच. घरी या, जेवा, झोपा, नळ दुरुस्त करा. या ऑफिसची पायरी मात्र आजपासून चढायची नाही."

"मग मी करायचं काय?"

"आजाऱ्यांची सेवा करायची आहे ना तुम्हाला? खालच्या शेडमध्ये दवाखान्याच्या मळक्या चादरी निवडायच्या असतात. रक्ताच्या वेगळ्या, औषधाच्या वेगळ्या. तिथे पायरी नाही, सरळ आत जाता येतं. हातमोजे ड्रमवाला देईल."

जावईबापूंनी बायकोकडे पाहिलं. ती कॉम्प्युटर बंद करत होती. एकेक पंखा थांबत गेला आणि ऑफिसात पहिल्यांदाच बाहेरच्या ड्रमचा आवाज ऐकू आला.

"जायच्या आधी, साहेब," चिमणी दारातून हलली नाही आणि ती न हलल्यावर त्या दारातून कुणाचं जाणं शक्यच नव्हतं. "एकदा म्हणा, चिमणीने केलं नाही."

"गैरसमज झाला," जावईबापू म्हणाले.

"कुणाचा?"

"झाला, एवढं खरं."

"कुणाचा, साहेब?"

"माझा." आवाज चिमणीपेक्षा बारीक होता. "तू केलं नाहीस." चिमणी बाजूला झाली.

बाईंनी कुणाची माफी मागितली नाही. ती त्यांच्या अंगातच नव्हती. संध्याकाळी त्यांनी ड्रमवाल्याबरोबर मावशीला निरोप धाडला, इस्त्रीला माणूस कमी पडतंय. मावशीचा उलट निरोप आला, येते म्हणावं, पण आधी दारावरची ती काच खाली काढा. मेली, नाक केवढं! बाई पुटपुटल्या आणि स्टूल मागवून काच स्वतः काढली.

जावईबापू शेडमध्ये चादरी निवडतात. नाकाला फडकं बांधून, दोन बोटांनी, जणू चादर चावणार आहे. आरंभी ते सगळ्यांना सांगत, की औषधाचं काम थांबलेलं नाही, आता ते घरच्या कॉम्प्युटरवर अहोरात्र चालतं. फुलाफुलांचं आवरण काढलंय. माणुसकी कुणाच्या पायरीवर अवलंबून नसते.

मग एका सुट्टीच्या दिवशी बाई गार वाळवणीपाशी बसल्या होत्या. मांडीवर भवानी. लेक चहा घेऊन आली.

"काय म्हणतोय तुझा जगमित्र? कितवा नंबर?"

"बंद केलं त्यांनी."

"का गं? औषध सापडलं?"

"नाही," लेक म्हणाली आणि खालचा ओठ आत घ्यायला गेली, पण तिलाच हसू फुटलं. "विजेचं बिल आलं."

बाई एवढ्या हसल्या की भवानी मांडीवरून खाली पडली. पडल्यावर तिने इकडे तिकडे पाहिलं, दुसरं गरम काही सापडलं नाही, आणि मुकाट्याने परत चढून बसली.